बीएएसएलपी करता करता इंग्लिश टीचिंगपण करायचंय? ठाणे-नवी मुंबईवाल्यांसाठी पहिल्यापासून शेवटपर्यंत

आधी मुद्द्याचं बोलते. स्पीच-हिअरिंग, म्हणजे ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींवरची बीएएसएलपी ही पदवी, आणि इंग्लिश टीचिंग, दोन्ही एकाच ॲडमिशनमध्ये, एकाच मार्कशीटवर, असं काही आपल्या मुंबई-ठाणे पट्ट्यात मिळत नाही. अमेरिकेत स्पीच अँड हिअरिंग सायन्सेस मेजर घेऊन सोबत टीसॉलचं, म्हणजे इतर भाषिकांना इंग्लिश शिकवण्याचं, सर्टिफिकेट किंवा मायनर करता येतं, ते गुगलवर दिसतं आणि मग आपली मुलं विचारतात की हे इथे कुठेय. इथे ते आपलं आपणच जोडायचं असतं. नियमात बसतं, होतंही, फक्त क्रम नीट लावावा लागतो, नाहीतर तिसऱ्या सेमिस्टरला दोन्हीकडे बॅकलॉग घेऊन बसायची वेळ येते.

क्रम असा की क्लिनिकल डिग्री मुख्य, आणि इंग्लिश तिच्या उरलेल्या वेळात बसवायचं. उलटं करता येत नाही, कारण बीएएसएलपी हा कायद्याने बांधलेला कोर्स आहे, आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषद त्याच्यावर बसलेली आहे, पेशंट बघायला रजिस्ट्रेशन नंबर लागतो, आणि हा कोर्स डिस्टन्सने होत नाही, कोणी सांगितलं होतो तर त्याला फी देऊ नका. इंग्लिश टीचिंग मात्र तुकड्या-तुकड्यांनी करता येतं, मधे थांबवता येतं, दोन वर्षांनी परत उचलता येतं. जे वाकतं त्याला वाकवायचं, सिंपल.

पायरी १: अकरावी-बारावी आणि नीट

बारावी सायन्स, पीसीबी. एमयूएचएस म्हणजे नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाखालच्या कॉलेजांच्या राज्याच्या जागा नीट-यूजीच्या स्कोअरवर सीईटी सेलच्या कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या राउंडमधून भरतात, एमबीबीएस, बीडीएस, फिजिओ वगैरेचा जो फॉर्म असतो त्यातच. बरेच जण प्रेफरन्स भरताना बीएएसएलपी सगळ्यात खाली टाकतात, म्हणजे काहीच नाही मिळालं तर. तसे आलेले पहिले सहा महिने तोंड पाडून बसलेले दिसतात. ज्यांना हाच कोर्स हवाय त्यांनी तो वर टाकावा, लाजायचं काय त्यात.

मुलींसाठी एक महत्त्वाचं, २०२४-२५ पासून राज्य सरकारने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीमधल्या ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना कॅपमधून व्यावसायिक कोर्सला ॲडमिशन घेतल्यावर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत दिलेली आहे. उत्पन्नाचा दाखला मे महिन्यातच काढून ठेवा, जूनमध्ये तहसीलला आणि सेतूला काय रांग असते ते ठाणेकरांना सांगायला नको.

आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनी इथे पान बंद करू नका. तुमच्यासाठी वेगळा रस्ता आहे: बी.ए. इंग्रजी, आणि मग दोन वर्षांचं बी.एड. स्पेशल एज्युकेशन, त्यात श्रवणदोष हा विषय घेऊन. ते कुठल्याही शाखेच्या पदवीवर करता येतं, आरसीआयचंच असतं. त्यातून तुम्ही ऑडिओलॉजिस्ट किंवा थेरपिस्ट होत नाही, कर्णबधिर मुलांचे शिक्षक होता, पण इंग्लिश शिकवणं आणि ऐकण्या-बोलण्याचं शास्त्र यांची सांगड घालायचीच असेल तर हे दोन नंबरचं म्हणून हिणवायचं कारण नाही. खरं सांगायचं तर ज्यांना क्लिनिकपेक्षा वर्ग आवडतो त्यांनी सायन्सला असूनसुद्धा याचा विचार करावा.

पायरी २: कॉलेज आणि रोजचा प्रवास

सगळ्यांच्या तोंडी पहिलं नाव येतं ते वांद्रे रेक्लमेशनचं अली यावर जंग इन्स्टिट्यूट. केंद्र सरकारचं, १९८३ पासूनचं, आणि तिथे बीएएसएलपीसोबत श्रवणदोषातलं स्पेशल बी.एड.सुद्धा आहे, म्हणजे वर सांगितलेल्या दोन्ही रस्त्यांची मुलं एकाच कँटीनमध्ये भेटतात. दुसरं नायर हॉस्पिटलचं, म्हणजे टोपीवाला मेडिकल कॉलेजचं, मुंबई सेंट्रलला. घर सोडून राहायची तयारी असेल तर पुण्याला भारती विद्यापीठाचं आहे, आणि अजून लांब म्हैसूरचं ऑल इंडिया इन्स्टिट्यूट, १९६५ चं, या क्षेत्रातलं सगळ्यात मोठं नाव. इतर कुठल्याही कॉलेजला पैसे भरायच्या आधी आरसीआयच्या साईटवर त्या कॉलेजचं नाव, तो कोर्स आणि त्या शैक्षणिक वर्षाची मान्यता हे तिन्ही बघा. मान्यता ठराविक वर्षांसाठी असते, गेल्या वर्षी होती म्हणून यंदा आहेच असं नाही.

आता ट्रेन. ठाण्याहून वांद्र्याला म्हणजे सेंट्रलने दादर, तिथे ब्रिज चढून वेस्टर्न. नवी मुंबईतून हार्बरने वडाळा रोडला उतरून गोरेगावची गाडी. नायरला दोन्हीकडून दादर किंवा तसाच काहीतरी बदल. मी हे एवढं सांगतेय कारण डबल कोर्सचं सगळं गणित प्रवासावर आहे. सकाळी ओपीडीत क्लिनिकल पोस्टिंग, दुपारी लेक्चर, संध्याकाळी सातच्या ठाणे स्लोमध्ये उभं राहून तुम्ही चॉसर या जुन्या इंग्लिश कवीवरचं असाइनमेंट लिहिणार नाही, नाहीच लिहिणार. ट्रेनमध्ये फक्त ऐकण्याचं काम होतं: उच्चारांच्या रेकॉर्डिंग, लेक्चरचे ऑडिओ. आणि आवाज कमी ठेवा हो, डब्ल्यूएचओची मोठ्यांसाठीची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे, लोकलच्या खडखडाटात आपण नकळत व्हॉल्यूम त्याच्या कितीतरी वर नेतो. ऑडिओलॉजीच्या पोरांचेच कान आधी जायचे.

पायरी ३: दोन डिग्र्या एकावेळी, नियम काय

यूजीसीने एप्रिल २०२२ मध्ये परवानगी दिली. दोन्ही कोर्स रेग्युलर असतील तर वेळा एकमेकांवर येता कामा नयेत, किंवा एक रेग्युलर आणि दुसरा डिस्टन्स-ऑनलाइन, किंवा दोन्ही डिस्टन्स-ऑनलाइन. पीएचडी यात येत नाही. बीएएसएलपीसोबत दुसरा रेग्युलर कोर्स वेळेतच बसत नाही, त्यामुळे आपल्यासाठी मधलाच पर्याय.

पण त्याच नियमावलीत एक ओळ आहे जी कोणी वाचत नाही, की जिथे व्यावसायिक परिषद आहे तिथे तिचे नियमही लागू. म्हणून कॉलेजला एक साधा अर्ज करा: मी अमुक विद्यापीठातून डिस्टन्सने बी.ए. इंग्रजी करणार आहे, इथल्या हजेरीवर परिणाम होणार नाही. तो आवक-जावकला देऊन शिक्क्याची प्रत घरी ठेवा. तोंडी 'हो हो कर' म्हणणाऱ्या मॅडम पुढच्या वर्षी बदलून जातात, शिक्का राहतो.

डिस्टन्ससाठी दोन पर्याय सगळ्यांना माहीत असलेले. मुंबई विद्यापीठाचं, ज्याला अजून सगळे आयडॉलच म्हणतात, आता नाव सीडीओई आहे, कलिन्याला. आणि इग्नू. मी इग्नूकडे झुकते आणि त्याचं कारण अगदी कोरडं आहे: बी.ए.ला कमीत कमी ३ वर्षं आणि जास्तीत जास्त ६ वर्षं मिळतात, परीक्षा जून आणि डिसेंबरला असतात, आणि या वेळी दोनच पेपर देतो बाकीचे पुढे, असं चालतं. आरोग्य विद्यापीठाच्या उन्हाळी-हिवाळी परीक्षा साधारण त्याच दिवसांत येतात, तेव्हा ही सोय नसेल तर मेलात. ॲडमिशनच्या आधी एबीसी आयडी (क्रेडिट जमा व्हायचं ऑनलाइन खातं) आणि त्यावरून डीईबी आयडी (यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा नंबर) काढावा लागतो, डिस्टन्स-ऑनलाइनला तो आता सक्तीचा आहे. आधारवरचं आणि दहावीच्या मार्कशीटवरचं नाव जुळत नसेल तर सगळं तिथेच अडकतं, वडिलांचं नाव मधे आहे-नाही एवढ्यावरून.

सुरुवात कधी? पहिल्या वर्षी नको. ॲनाटॉमी, इलेक्ट्रॉनिक्स-अकूस्टिक्स, सायकॉलॉजी, लिंग्विस्टिक्स, सगळं एकदम अंगावर येतं आणि क्लिनिकल हजेरीची अट थिअरीपेक्षा कडक असते. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला नाव घाला, सहा वर्षांची मुदत तिथून मोजली तरी इंटर्नशिप संपून पुढची तीनेक वर्षं हातात राहतात.

पायरी ४: इंग्लिश टीचिंगचं नेमकं काय करायचं

इथे लोक फार गोंधळतात, कारण बी.ए. इंग्रजी म्हणजे शिकवायचं शिक्षण असं वाटतं. तसं नसतं, तिथे साहित्य असतं, शेक्सपिअर असतो. शिकवायचं कसं ते वेगळं शिकावं लागतं. तुम्हाला शाळेत कायम शिक्षक व्हायचं असेल तर बी.ए.नंतर बी.एड. आणि टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा लागणार, आणि बी.एड.ची मेथड पदवीच्या विषयावरून ठरते म्हणून मग बी.ए. हवंच. पण तुमचा मुख्य धंदा क्लिनिक असणार असेल आणि मोठ्या माणसांना किंवा मुलांना प्रायव्हेट इंग्लिश शिकवायचं असेल तर अख्खी बी.ए. करायची गरजच नाही, हे कोणी स्पष्ट सांगत नाही.

मग काय करायचं. इग्नूचं इंग्रजी अध्यापनाचं सर्टिफिकेट आहे, छोटं, स्वस्त, पाया घालायला बरं. केंब्रिजची टीकेटी ही इंग्लिश शिक्षकांसाठीची परीक्षा आहे, मॉड्यूल-मॉड्यूलने देता येते. आणि सेल्टा, केंब्रिजचंच, जगभर चालतं: १२० तासांचा कोर्स, त्यात ६ तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवायचं आणि मागे ट्रेनर बसून बघणार, वर ४ लेखी असाइनमेंट. फुलटाइम केलं तर महिनाभर डोकं वर काढता येत नाही, पार्टटाइम आणि ऑनलाइनही होतं. फी लाखाच्या वर जाते, म्हणून मी कॉलेजात असताना करा म्हणणार नाही, इंटर्नशिप संपल्यावरच्या गॅपमध्ये करा. हैदराबादच्या इफ्लूचे, म्हणजे इंग्रजी आणि परदेशी भाषांच्या विद्यापीठाचे, इंग्रजी अध्यापनाचे पदव्युत्तर कोर्सही नावाजलेले आहेत, एम.ए. इंग्रजीपर्यंत जाणाऱ्यांनी ते बघावेत.

आणि ते ऑनलाइन 'टेफल (परदेशी भाषा म्हणून इंग्लिश शिकवणं) १२० तास, फक्त अमुक रुपये, आजच ऑफर'? आकडा सेल्टाचाच उचललेला, पण तुम्हाला शिकवताना कोणी बघतच नाही. रेझ्युमेवर एक ओळ वाढते, बाकी काही नाही.

पायरी ५: दोन्हीकडचा कॉमन भाग एकदाच नीट करा

कॉमन भाग म्हणजे ध्वनिशास्त्र. बीएएसएलपीच्या लिंग्विस्टिक्स-फोनेटिक्समध्ये आयपीए, म्हणजे उच्चार जसेच्या तसे लिहायची आंतरराष्ट्रीय लिपी, शिकवतात तेव्हा अर्धा वर्ग पाठ करून पेपरला उतरवतो आणि विसरतो. तुम्ही तसं करू नका, कारण हीच लिपी तुम्हाला क्लिनिकमध्ये 'ट'च्या जागी 'त' म्हणणाऱ्या मुलासाठी लागणार आणि इंग्लिशच्या क्लासमध्ये 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' सारखंच म्हणणाऱ्या काकांसाठीही लागणार.

एक वही करा. डावीकडे मराठीत काय होतं, उजवीकडे इंग्लिशमध्ये काय लागतं. उदाहरणं देते. आपला 'थ' हा हवा अडवून मग जोरात सोडलेला आहे, इंग्लिश 'थिंक'मधला जिभेच्या टोकावरून हवा घासत जाऊन होतो. व्ही आणि डब्ल्यू दोन्हींना आपल्याकडे एकच 'व'. मराठी बोलताना ऱ्हस्व-दीर्घ इकारावरून अर्थ बदलत नाही, लिहिताना शिक्षक लाल शाई वापरतात तेवढंच, त्यामुळे 'शिप' आणि 'शीप' वेगळे ऐकायला कान तयारच नसतो. 'पिन' म्हणताना इंग्लिश माणूस सुरुवातीचा प फुंकर मारल्यासारखा म्हणतो, आपण कोरडा म्हणतो, मग त्याला 'बिन' ऐकू येतं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे आघात, 'फोटोग्राफ'मध्ये पहिल्यावर, 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्यावर. माझं मत, सुटे आवाज घासत बसण्यापेक्षा आघात आणि वाक्याची चाल सुधारली की माणूस समजायला लागतो, थ तसाच राहिला तरी चालतो.

यातलं काहीही आजार नाही. ॲक्सेंट हा दोष नव्हे असं अमेरिकेची आशा ही स्पीच-हिअरिंगवाल्यांची संस्थासुद्धा स्पष्ट म्हणते, कोणाला बदलायचा असेल तर ती त्याची हौस, थेरपी म्हणून त्याचं निदान करायचं नसतं.

नवी मुंबईत तर याची रोज परीक्षा आहे. घणसोली, कोपरखैरणे, दिवाळे, बेलापूर या मूळ गावांतल्या आगरी-कोळी घरातलं मूल 'पाणी'ला 'पानी' म्हणतं. पुस्तकी मराठीत वाढलेली थेरपिस्ट पटकन लिहून मोकळी होते की ण ऐवजी न, उच्चारदोष. घरातली सगळी तसंच बोलतात, आजी तसंच बोलते, दोष कसला. जी चूक इथे मराठीत होऊ शकते तीच इंग्लिशच्या बाबतीत दहापट होते, आणि दोन्ही शिकलेल्या माणसाचा खरा उपयोग नेमका तिथे आहे.

पायरी ६: भाषा नवीन आहे की अडचण आहे, हे ओळखायला शिका

हा भाग शांतपणे वाचा, बाकीचं सगळं कुठेही मिळेल.

समजा ऐरोलीतला सहा वर्षांचा मुलगा. घरी मराठी, इंग्लिश मीडियमची शाळा. टीचर म्हणतात वर्गात बोलत नाही, विचारलं तर एका शब्दात उत्तर देतो, 'टू कॅट' म्हणतो, 'कॅट्स' म्हणत नाही, स्पीच थेरपी लावा. आईबाप घाबरलेले. क्लासवाला म्हणतो माझ्याकडे फोनिक्सला (अक्षर-उच्चार जोडून वाचायच्या क्लासला) घाला. कोण बरोबर?

सगळ्यात आधी कान तपासा. सर्दी साठून मधल्या कानात पाणी झालेलं असतं, मूल दुखतंय असंही म्हणत नाही, आणि थोडं कमी ऐकू येत राहतं. मोठ्यांना २५ डेसिबलपर्यंत नॉर्मल धरतात, मुलांना १५ पर्यंतच, कारण ती अजून भाषा शिकतायत, गाळलेल्या जागा अंदाजाने भरता येत नाहीत. आणि शब्दाच्या शेवटचा 'स' हा बारीक, वरच्या पट्टीतला आवाज आहे, त्याचा जोर ४००० हर्ट्झच्या पुढे असतो, वरच्या फ्रिक्वेन्सीत ऐकणं जरा जरी कमी असेल तरी आधी तोच जातो. म्हणजे 'कॅट्स' न म्हणण्याचं कारण व्याकरण असेल, किंवा तो 'स' त्याच्यापर्यंत पोचतच नसेल. इंग्लिश टीचरला हे सुचत नाही, आणि नुसत्या ऑडिओलॉजिस्टला नवीन भाषा शिकणारं मूल अनेकवचन उशिरा पकडतं हे डोक्यात नसतं. टिम्पॅनोमेट्री (मधल्या कानाची तपासणी) आणि ऑडिओमेट्री (किती ऐकू येतं ते मोजणं) झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कान ठीक निघाले तर मराठीत बोला त्याच्याशी. चित्र दाखवून गोष्ट सांगायला सांगा, काल घरी काय झालं विचारा, आजीला बोलायला लावा आणि तुम्ही बाजूला बसून ऐका. भाषेचा खरा दोष असेल तर तो मुलाच्या सगळ्या भाषांत दिसतो. मराठीत हा पठ्ठ्या अर्धा तास गणपतीच्या मिरवणुकीचं वर्णन करत असेल तर त्याला दोष नाही, त्याला इंग्लिश येत नाही, एवढंच. मराठीतही वाक्यं तुटकी, वयाच्या मानाने शब्द कमी, क्रियापदं गाळतोय, आईपण म्हणते मोठा भाऊ या वयात बराच बोलायचा, तर मग थेरपी, आणि लगेच.

मग शाळेत किती दिवस झाले ते विचारा. नव्या भाषेत टाकलेली मुलं सुरुवातीला काही महिने गप्प राहतात, ऐकत असतात. हे नॉर्मल आहे. यात आपल्याकडे अजून एक घोळ होतो, परदेशातल्या इंग्लिश बोलणाऱ्या मुलांवर बनवलेली टेस्ट लावून तिचा स्कोअर रिपोर्टात छापायचा. त्या टेस्टचे नॉर्म्स या मुलाला लागूच होत नाहीत. त्यापेक्षा शिकवून बघा: आज एक गोष्ट येत नाही ते नोंदवा, दहा-पंधरा मिनिटं शिकवा, परत विचारा. पटकन उचललं तर शिकायची यंत्रणा धड आहे. याला डायनॅमिक असेसमेंट म्हणतात आणि इथेच तुमचं टीचिंगचं ट्रेनिंग क्लिनिकमध्ये वसूल होतं.

आणि ते एक वाक्य, जे मला ऐकलं की राग येतो: 'घरी मराठी बंद करा, फक्त इंग्लिश बोला.' शाळा सांगते, शेजारी सांगतात, कधीकधी पांढऱ्या कोटातली माणसंही सांगतात. घरची भाषा तोडल्याने इंग्लिश लवकर येतं असं काही नाही, उलट ज्या आईला इंग्लिश बेताचंच येतं ती 'कम हिअर, सिट, ईट' एवढंच बोलायला लागते, आणि मुलाला मिळणारी भरगच्च भाषाच आटते. भाषेचा दोष असलेल्या मुलालाही घरची भाषा लागते. पालकांना हे लिहून द्या, लेटरहेडवर, म्हणजे शाळेत दाखवता येतं. आपल्याकडे मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यावर सेमी-इंग्लिशही आहे, मराठीत राहून इंग्लिश शिकता येतं हे पंचवीस वर्षं डोळ्यासमोर चालू आहे.

अमेरिकेत हे दोन विषय एकत्र का शिकवतात तेही यातूनच कळतं. १९७० मध्ये कॅलिफोर्नियात डायना नावाने गाजलेला खटला झाला, स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांची बुद्धिमापन चाचणी इंग्लिशमध्ये घेऊन त्यांना मतिमंदांच्या वर्गात टाकलं होतं. आज तिथल्या दिव्यांग मुलांच्या शिक्षणाच्या आयडिया कायद्यात स्पष्ट आहे की इंग्लिश कमी येतं हे मुख्य कारण असेल तर त्या मुलाला दिव्यांग ठरवता येत नाही. आपल्याकडे तशी ओळ शाळेच्या रोजच्या कारभारात कोणी काढून दाखवत नाही, म्हणून ती तुमच्या डोक्यात हवी.

पायरी ७: प्रॅक्टिसचे तास कुठून आणायचे

क्लिनिकचे तास कॉलेज देतं. तरी वाशीला महापालिकेचं ईटीसी केंद्र आहे दिव्यांग मुलांसाठी, खारघरला बौद्धिक दिव्यांगांच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे, सुट्टीत तिथे निरीक्षणाची परवानगी मागून बघा, आधी पत्र, मग फोन, मग जाणं, या क्रमाने.

शिकवायचे तास स्वतः उभे करावे लागतात. सोसायटीच्या हॉलमध्ये शनिवार-रविवार मोठ्यांचा छोटा वर्ग घ्या, घरकाम करणाऱ्या ताया, डिलिव्हरीवाले, दुकानातली मुलं, यांना फोनवर बोलण्यापुरतं, फॉर्म भरण्यापुरतं इंग्लिश हवं असतं आणि ते फार सरळ विद्यार्थी असतात, कळलं नाही तर तोंडावर सांगतात. प्रत्येक तासाचा प्लॅन लिहा, परवानगी घेऊन ऑडिओ रेकॉर्ड करा, घरी ऐका की तुम्ही किती बोललात आणि ते किती. बहुतेकांचं ऐंशी टक्के स्वतःच बोलणं निघतं.

घशाची काळजी इथे घ्या. घोडबंदर रोडला लागून असलेल्या खोलीत पंखा, बाहेर डंपर, त्यावर ओरडून कोरसमध्ये वाक्यं म्हणून घेतली की दोन महिन्यांत आवाज बसतो, शिक्षकांमध्ये स्वरयंत्रावर गाठी येण्याचं प्रमाण उगाच जास्त नाही. शिक्षकाचा आवाज आजूबाजूच्या गोंगाटापेक्षा १५ डेसिबलने तरी वर पोचला पाहिजे असं वर्गाच्या अकूस्टिक्सचं माप सांगतात, ते ओरडून गाठायचं नसतं, खिडकी लावून, जवळ उभं राहून, छोटा माइक लावून गाठायचं. पाणी पीत राहा, आणि मुख्य म्हणजे खाकरू नका सारखं.

पायरी ८: इंटर्नशिप, सीआरआर नंबर आणि दोन वह्या

तीन वर्षं अभ्यास आणि चौथं वर्ष इंटर्नशिप. या वर्षात इंग्लिशचे पेपर टाकू नका, फार तर एखादा. इंटर्नशिप झाली की डिग्री किंवा प्रोव्हिजनल आल्याबरोबर आरसीआयच्या सीआरआरमध्ये, म्हणजे केंद्रीय नोंदवहीत, नाव घाला. त्याशिवाय पुनर्वास व्यावसायिक म्हणून प्रॅक्टिस करणं १९९२ च्या कायद्याच्या कलम १३ खाली गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंड किरकोळ वाटतो पण नाव खराब होतं ते कायमचं. पुढे रजिस्ट्रेशन रिन्यू करायला सीआरई म्हणजे पुढच्या शिक्षणाचे पॉइंट्स लागतात, ते सेमिनार-वर्कशॉपमधून जमवत राहा.

आणि दोन वह्या म्हणजे खरंच दोन वह्या. थेरपीचे पेशंट एका रजिस्टरला, इंग्लिशचे विद्यार्थी दुसऱ्याला, पावत्या वेगळ्या, शक्यतो दिवसही वेगळे. लालूच असते, थेरपीच्या मुलाच्या आईला म्हणायचं की सोबत स्पोकन इंग्लिशपण लावा, किंवा क्लासमधल्या अडखळणाऱ्या मुलाला थेट स्वतःच्या थेरपीला ओढायचं. क्लासमधल्या मुलाबद्दल शंका आली तर पालकांना दोन-तीन नावं द्या, त्यात तुमचं असलं तरी चालेल, पण निवड त्यांची. बोर्डवर 'स्पीच अँड इंग्लिश' असं एका दमात लिहू नका, लोक त्याचा अर्थ इंग्लिश बोलता न येणं हा आजार आहे असाच लावतात.

पायरी ९: बाहेर जायचं असेल तर

थोडक्यात. अमेरिकेत स्पीच-हिअरिंगची बॅचलर म्हणजे पायरी, थेरपिस्ट व्हायला मास्टर्स लागतं, आणि आशाच्या सर्टिफिकेटसाठी ४०० तासांचं क्लिनिकल काम मोजतात, त्यातले २५ निरीक्षणाचे. इथलं लॉगबुक सहीसकट जपा, पुढे ॲप्लिकेशनला काय केलं ते दाखवता येतं. ब्रिटनमध्ये एचसीपीसी ही थेरपिस्टांची नोंदणी करणारी संस्था स्पीच थेरपिस्टकडून आयईएलटीएसला ८ मागते, कुठल्याही भागात ७.५ च्या खाली नको, इतर थेरपीवाल्यांपेक्षा वरची अट आहे ही. इंग्लिशच्या अभ्यासाचा असाही फायदा.

आणि झेपलं नाही तर

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी प्रामाणिकपणे बघा. क्लिनिकल मार्क घसरले असतील, किंवा रात्रीची झोप पाच तासांवर आली असेल, तर इंग्लिश थांबवा. इग्नूत पास झालेले पेपर मुदतीपर्यंत तसेच राहतात, फक्त पुढच्या वर्षाचं री-रजिस्ट्रेशन कधी करायचं ते मोबाइलमध्ये टाकून ठेवा. घरच्यांना 'सोडलं' असं सांगू नका, 'इंटर्नशिपनंतर' असं सांगा, आणि एमयूएचएसच्या चौथ्या सेमिस्टरचं टाइमटेबल फ्रीजवर चिकटवा.